मोह होतो का?

"गटाचे पैसे तुमच्याकडे असतात, कधी हात लावावासा वाटत नाही?" बचत गटाची सचिव झाल्यापासून हे मला हळदीकुंकवात विचारतात, बँकेच्या रांगेतही विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वाटतं की! बैठक शनिवारी संध्याकाळी, बँक उघडणार सोमवारी. रविवारी सिलेंडरवाला दारात उभा, पर्समध्ये शंभराची एक नोट आणि आत कपाटात गटाची पेटी. 'आत्ता घेऊ, उद्या ठेवू', एवढंच मनात येतं. चोरी करायचं कोण ठरवतं हो? पेपरात लाखोंच्या अपहाराच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी अशाच उसनवारीतून सुरू झाल्या असतील.

म्हणून आमची पेटी माझ्याकडे आणि किल्ली कोषाध्यक्षांकडे. कुलूप फोडण्याइतकी मी धीट नाही.

खरी कटकट बैठकीत होते. आम्ही बाराजणी, प्रत्येकीचे 200, म्हणजे बचतीचेच 2,400. वर कर्जाचे हप्ते आणि महिना 2 टक्के व्याज. सगळं मोठ्यानं मोजायचं, रोजकीर्दीत लिहायचं, मग प्रत्येकीचं पासबुक भरायचं. तोवर निम्म्याजणींना स्वयंपाक आठवलेला असतो. "तुमच्यावर विश्वास आहे, घ्या लिहून तुम्हीच," म्हणत पासबुक माझ्या मांडीवर टाकून त्या चपला शोधायला लागतात. मला धास्ती वाटते ती याच वाक्याची. हा विश्वास नव्हे, मोजायचा कंटाळा आहे. खात्यातून पैसे काढायला तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात, तर एकीनं मला कोऱ्या स्लिपांवर सह्या करून देऊ केल्या होत्या! परत केल्या. राग आला तिला.

उद्या पैसे गेले तर चोर मीच, आणि शिक्षाही मलाच व्हायला हवी. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे, विश्वासानं सोपवलेले पैसे खाल्ले तर 5 वर्षांपर्यंत. मला हा फरक पटतो. खिसेकापूला कुणी आपलं पाकीट सांभाळायला दिलेलं नसतं.

यंदा मी सचिव बदलायचा ठराव मांडला. "तुम्हीच बऱ्या आहात," असं चौघी एका सुरात म्हणाल्या, तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.