पदं शून्याकडे गेली म्हणून काय झालं?

लातुरात नीट-जेईईच्या पाट्यांच्या गर्दीत मी बी.एस्सी.च्या पोरांना गणित शिकवतो. सिरीजचं, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांचं, प्रकरण लागलं की एक वाक्य ठरलेलं: "सर, पदं शून्याकडं चाललीत, म्हणजे कन्व्हर्जंट, बेरीज एका ठरावीक आकड्यापाशी थांबणार." मग मी फळ्यावर १ + १/२ + १/३ + १/४... लिहितो आणि गप बसतो. मोबाइल निघतात. दहा हजार पदांची बेरीज ९.७९ च्या आसपास. "थांबली की सर!"

थांबत नसती बाबांनो. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ ही चार पदं, एकही १/८ पेक्षा लहान नाही, म्हणजे परत अर्ध्याच्या वर. पुढं आठ पदं, मग सोळा. दर गठ्ठ्याला अर्धा वाढतोच, मग बेरीज अडणार कुठं? ओरेम या फ्रेंच पंडितानं हे १३५० च्या सुमारास दाखवलं, कॅल्क्युलेटरशिवाय.

पोरांचा जीव रेशो टेस्टवर: पुढचं पद भागिले मागचं पद, हे गुणोत्तर कुठं पोचतं ते बघायचं; १ पेक्षा कमी तर कन्व्हर्जंट, जास्त तर डायव्हर्जंट, म्हणजे बेरीज कुठंच थांबत नाही. इथं ती १ देते. १ + १/४ + १/९ + १/१६... लाही १ च देते, पण ही सिरीज कन्व्हर्ज होते. बेरीज पायचा वर्ग भागिले ६, ऑयलरनं काढलेली. उत्तर १ आलं की टेस्टनं हात वर केले. तरी पेपरात 'म्हणून डायव्हर्जंट' लिहून येतातच!

वर्गात खरी खळबळ उडते ती केम्पनर या गणितज्ञाच्या १९१४ च्या निकालानं. पहिल्या सिरीजमधून छेदात कुठंही ९ हा अंक असलेली पदं (१/९, १/१९, १/९०...) तेवढी वगळा. उरलेल्यांची बेरीज २३ सुद्धा गाठत नाही.