आमची वाटचाल : जार, सिलिंडर आणि पाच तासांच्या चेतापेशी

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत आमचा गाळा आहे. धंदा मूळचा दादांचा, म्हणजे वडिलांचा. राजदूत मोटरसायकलच्या मागे लिक्विड नायट्रोजनचा जार बांधून ते साक्री-शिंदखेड्याच्या गुरांच्या दवाखान्यांत पोचवायचे. त्यात कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे वळूचं वीर्य भरलेल्या कांड्या राहायच्या, उणे 196 अंशांत. जारमध्ये पट्टी घालायची, बाहेर काढून हवेत हलवायची. पांढरं हिम जिथवर धरेल तेवढा माल शिल्लक. मी अजूनही तसंच मोजतो.

मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून फोन आला. जार तोच, पण आत ठेवायच्या होत्या माणसाच्या चरबीतून काढलेल्या प्रौढ मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी. त्यांच्या चेतापेशी, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंतल्या पेशी, होतात का, हे बघायचं होतं. नायट्रोजनपाठोपाठ कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि इन्क्युबेटरची देखभालही आमच्याकडे आली. आत 37 अंश आणि 5 टक्के वायू, बस. बाहेर मे महिन्यातलं धुळं असताना आणि लाईट कधी जाईल याचा भरवसा नसताना ते 'बस' किती महागात पडतं, ते आम्हालाच ठाऊक.

पहिल्याच उन्हाळ्यात मी माती खाल्ली. रेग्युलेटरचा जुना वॉशर बदलला नाही आणि रात्रीतून सिलिंडर रिकामं. वायू संपला की पेशी ज्यात वाढतात ते लालसर द्रव अल्कली होऊन जांभळट पडतं; सकाळी सगळ्या डिश जांभळ्या. तीन आठवड्यांचं काम गेलं. प्रयोगशाळेच्या मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या महिन्याचं बिल मी लावलं नाही. तेव्हापासून दोन सिलिंडर जोडतो. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू.

एका दुपारी मॅडमनी आम्हाला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. एरवी ऐसपैस पसरलेल्या पेशी आकसलेल्या, त्यांना लांब शेपट्या फुटलेल्या. चेतापेशी बनवायचं रसायन घालून जेमतेम पाच तास झालेले. दादा म्हणाले, "हाई तं झाडनं मूळ दिखस!" मी म्हटलं, मॅडम, जमलं की! त्यांनी शेजारची डिश सरकवली. तिच्यात नुसतं मीठ जास्त घातलेलं, आणि शेपट्या तशाच!

2000 साली अमेरिकेत अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या मूलपेशी काही तासांत चेतापेशींसारख्या झाल्याचं प्रसिद्ध झालं आणि गाजलं. 2004मध्ये इतरांनी दाखवलं की त्रास झाला की पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, ती आकसते आणि मागे राहिलेले धागे शेपट्यांसारखे दिसतात. चेतापेशीची म्हणून ओळखली जाणारी काही प्रथिनंसुद्धा रंगवल्यावर चमकतात. त्यामुळे पेशी विजेचा स्पंद टाकते का, हे मोजल्याशिवाय मॅडम तिला चेतापेशी म्हणत नाहीत. 'सारखी' म्हणतात. आमच्या कोटेशनमध्येही मी तोच शब्द लिहितो.

हे काम आम्ही करतो हे कळल्यावर जुनं गिऱ्हाईकही विचारू लागलं. साक्रीकडचा एक रेतन करणारा भाऊ जार भरायला आला होता. त्याचा पुतण्या विहिरीत पडून कमरेखाली लुळा झालेला. कुठल्याशा दवाखान्याने मूलपेशींच्या इंजेक्शनचे काही लाख सांगितले होते. म्हटलं, भो, मणक्याच्या दुखापतीवर हे आपल्याकडे अजून मंजूर उपचार नाहीत. चाचणी म्हणून करतात तेव्हा पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तो बराच वेळ पट्टीवरचं हिम वितळताना बघत बसला. मग म्हणाला, "जार पुरा भरजो."