सात नंबर

रविवार दुपारची चर्चगेट स्लो. मेगाब्लॉक होता, पण आमच्या बाजूला नव्हता, त्यामुळे चक्क खिडकी मिळाली होती. शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि मांडीवर उभं दुमडलेलं रेसचं पुस्तक. बारावीची मुलं परीक्षेच्या सकाळी जशी वही वाचतात, म्हणजे काही डोक्यात शिरत नाही पण नजर काढवत नाही, तसं ते वाचत होते. दादर गेलं, प्रभादेवी गेलं. लोअर परळला त्यांनी लाल पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "एक आकडा बोला बरं. एक ते दहा."

मी म्हणालो, "सात."

त्यांनी पुस्तकात कुठेतरी गोल केला, मान हलवली आणि महालक्ष्मीला उतरून गेले.

कुठेतरी, हाच घोटाळा. कुठल्या रेसमध्ये गोल केला ते मला दिसलंच नाही. म्हणजे आता मुंबईत एक माणूस माझ्या तोंडच्या आकड्यावर पैसे लावणार होता आणि तो सात कितव्या रेसमधला हे मला माहीत नव्हतं. मी निघालो होतो एका बारशाला. चर्नी रोडला उतरेपर्यंत फोनवर त्या दिवसाचं कार्ड, म्हणजे रेस आणि घोड्यांची यादी, उघडून बसलो होतो. आठ रेस. पहिली सुटायला अजून अर्धा तास.

मी रेस खेळत नाही. हे वाक्य आमच्या घरात "मी दारू पीत नाही" या वाक्याच्या सुरात म्हणतात, कारण आमच्याकडे मामा होता. आहे. पुण्यात बँकेत होता, आणि जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे पुण्याचा सीझन, तो बँकेत फक्त शरीरानं असायचा. मी सात-आठ वर्षांचा असताना पावसाळ्यात मामाकडे राहायला गेलो, की पहाटे मला स्कूटरवर पुढे उभं करून तो कॅम्पात रेसकोर्सच्या बाजूला न्यायचा. घोड्यांचं सकाळचं ट्रॅकवर्क बघायला.

ती पहाट मला अजून जशीच्या तशी दिसते. पाऊस नाही, पण हवेत पाणी. धुक्यातून आधी घोडा दिसतच नाही, ऐकू येतो. तोही टापांचा टपटप असा नाही, तर फुरफुर. दर उडीला एक श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. मग पायाखालची जमीन किंचित हलते, आणि एकदम समोरून ओल्या अंगाचं काहीतरी प्रचंड निघून जातं. त्याच्यावर एक चिमुकला माणूस रिकिबीत उभा, पाठ टेबलासारखी सपाट. जॉकी खोगिरावर बसत नाही हे मला तेव्हा कळलं. धावणाऱ्या घोड्यावर तो जवळजवळ पायांच्या चवड्यांवर ओणवा असतो. कुणी पंधरा मिनिटं ओणवं उभं राहून बघावं, म्हणजे आपण ज्याला "हे काय, घोडाच पळतो" म्हणतो त्याचा अंदाज येईल. घोडा गेल्यावर त्याच्या पाठीवरून वाफ उठत राहायची आणि मोतद्दार लगाम धरून त्याला गोल गोल फिरवायचा. मामा मनगटी घड्याळ डोळ्यांपाशी नेऊन पुटपुटायचा, "सहाशे... अडतीस. मोकळा. अजिबात जोर केला नाही." आणि ते, सहाशे मीटरला अडतीस सेकंद, सिगारेटच्या पाकिटावर लिहायचा.

अशाच एका पहाटे मी म्हणालो, "तो पांढुरका." मामानं काही उत्तर दिलं नाही. पण त्या शनिवारी संध्याकाळी तो क्रीमरोलचा अख्खा पुडा घेऊन घरी आला. पांढुरका लागला होता.

झालं. तिथून माझी देवऋषीच्या जागी नेमणूक झाली. रेसच्या दिवशी सकाळी चहा पिताना मामा कार्ड पुढे करायचा, "बोल." मी बोटानं दाखवायचो. लहान मुलाच्या तोंडी देव असतो, असं त्याचं म्हणणं. मामीचं म्हणणं, देवाला वाणसामानाचं बिलही दाखवा एकदा.

मामीचा मुद्दा बिनतोड होता, पण मामाकडे उत्तरं भरपूर. त्याचं दैवत स्क्वान्डरर. १९७७ ची इंडियन डर्बी जिंकलेला, आयुष्यात एकोणीस वेळा धावला आणि अठरा वेळा जिंकला तो घोडा. वर वसंत शिंदे. "शिंदे!" मामा अशा अभिमानानं म्हणायचा जणू ते आमच्या सोयरिकीतले. एकदा मामीनं सहज विचारलं, स्क्वान्डरर म्हणजे काय हो? मामा बोलून गेला, "उधळ्या." मामी पोळी लाटता लाटता थांबली. "घोड्याचं नाव म्हणताय ना?"

पुढे १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ. तो पेपर मामानं जपून घडी घालून ठेवला आणि मामीपुढे वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, मग इतकी वर्षं तुमचं कौशल्य कुठं होतं? या प्रश्नावर अपील नव्हतं.

तर बारसं. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली आणि फोन मांडीवर रुमालाखाली. पहिल्या रेसमध्ये सात नंबर शेवटून दुसरा. मी त्या गृहस्थांची मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्यात सात नंबरचा घोडा सकाळीच काढून घेतला होता, तेव्हा पैसे परत. तिसऱ्यात कुठेतरी मधे. कॉमेंटरीत त्याचं नाव एकदाच आलं, सुरुवातीला, हजेरी घेतल्यासारखं.

इकडे बाळाच्या कानात आत्यानं नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले. मला उगीच आठवलं, की घोड्याचं नाव अठरा अक्षरांच्या आत बसवावं लागतं, तीही रोमन अक्षरं, आणि मधल्या मोकळ्या जागा धरून. घोड्याच्या आत्याचं काम अवघड.

चौथी रेस चौदाशे मीटरची, हँडिकॅप. हँडिकॅपमध्ये कार्डावर एक नंबरला सगळ्यात जास्त वजन, मग उतरत्या क्रमानं. म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर त्याच्या चांगुलपणाची शिक्षा. (ही पद्धत आमच्या ऑफिसातही आहे.) सात नंबर बराच खाली, वजन हलकं, भावही, म्हणजे जिंकला तर मिळणारे पैसे, बऱ्यापैकी मोठा. गेट उघडलं आणि त्याच्या जॉकीनं एक विचित्र गोष्ट केली. काहीच केलं नाही. बाकीचे पुढच्या जागेसाठी रेटारेटी करत असताना यानं घोडा आत कठड्याला लावून हात खाली ठेवले. मामा याला "बसून राहणं" म्हणायचा आणि त्याच्या मते जॉकीची सगळी अक्कल त्यात. पळवता कुणालाही येतं.

वळणावर तो चार घोड्यांच्या मागे कोंडला होता. बाजूला एक, पुढे दोन, डावीकडे जायला वाट नाही. तीनशे मीटर राहिले तरी हात खालीच. मी खुर्चीत पुढे सरकलो. अडीचशेला पुढच्या दोघांतला एक थकून इंचभर बाहेर सरकला आणि त्या फटीत, घोडाच काय, कागद तरी गेला असता का कोण जाणे, त्यानं सात नंबर घातला. तेव्हा कुठे चाबूक. शेवटच्या पन्नास मीटरला दोन डोकी, एक वर एक खाली, आळीपाळीनं. फोटोफिनिश.

"अहो, पेढा घ्या ना." कुणीतरी ताट पुढे धरलं होतं. मी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून बसलो. पेढा खाल्ला तर सात हरेल, असं स्पष्ट वाटलं. वय वर्षं चोपन्न.

शॉर्ट हेडनं हरला. म्हणजे घोड्याच्या डोक्याहूनही कमी अंतरानं.

पण निकाल लगेच पक्का होत नाही. जॉकी उतरतो, खोगीर काढतो आणि ते हातात घेऊन काट्यावर उभा राहतो. सुटताना जेवढं वजन होतं तेवढं भरायला हवं. फोनच्या पडद्यावर तो दिसला. लगाम आणि खोगीर छातीशी, गुडघ्यापर्यंत माती, शाळा सुटल्यावर दप्तर पोटाशी धरून उभ्या राहिलेल्या पोरासारखा. एवढी डोकेबाज स्वारी करून दुसरा. पुढच्या रेसला लगेच दुसऱ्या मालकाच्या रंगाचे कपडे घालून निघायचं. पुढच्या रेसमध्ये एकूण घोडेच सहा होते, सात नंबर नव्हताच, त्यामुळे मी जेवायला बसलो.

सहावी, सातवी, सांगण्यासारखं काही नाही. आठव्यात सात नंबर जिंकला. पण तो फेव्हरिट होता. त्याला माझ्या आकड्याची गरज नव्हती, लाल पेनाचीही नव्हती. त्यावर ज्यानं लावले त्याला रुपयामागे चार आणे सुटले असतील नसतील. ते गृहस्थ कुठल्या सातवर बसले होते? चौथ्यातल्या असतील तर प्लेस खेळले असतील का? दुसऱ्या नंबरालाही प्लेसचे पैसे मिळतात. की विनच घेतलं आणि तिकीट फाडून टाकलं? परतीच्या गाडीत महालक्ष्मीला मी दारात उभा राहिलो. चढलेल्या गर्दीत दोन पेनं असलेले खिसे बरेच होते.

घरी आल्यावर मामाला फोन लावला. तो आता चौऱ्याऐंशीचा आहे, रेसकोर्सला जाणं केव्हाच बंद, मामी त्याला पेपरातलं रेसचं पान स्वतः वाचून दाखवते. मी सगळी हकीकत सांगितली. चौथी रेस सांगताना तो मधेच म्हणाला, "हात खाली ठेवले होते ना? शाबास." मग मी, कसं कोण जाणे, पंचेचाळीस वर्षं न विचारलेलं विचारलं.

"मामा, मला आकडा विचारायचं तू बंद का केलंस रे?"

कारण ते एकदम बंद झालं होतं. एका उन्हाळ्यानंतर मी पुन्हा पावसाळ्यात गेलो, चहापाशी जाऊन बसलो, आणि मामानं कार्ड उघडलं, स्वतःच बघितलं, मिटलं. मी सांगितलेले आणि हरलेले घोडे आठवत राहिलो कितीतरी दिवस. माझ्यामुळे मामाचे पैसे गेले, असंच मला वाटत आलं होतं.

"तू विचार करून सांगायला लागलास," मामा म्हणाला. "वजन किती, जॉकी कोण, असलं विचारायला लागलास. ते तर माझं मलाही येत होतं."

पलीकडे मामी काहीतरी बोलली आणि दोघं हसले.

"बरं, ते जाऊ दे," मामा म्हणाला. "तू त्या माणसाला सात म्हणालास, तो कार्डावरचा सात, की ड्रॉचा सात? गेट नंबर सातवाला घोडा वेगळा असतो. काही लोक ड्रॉवर खेळतात."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी कार्ड पुन्हा उघडलं.