ओटा, भाग ७ : कोपऱ्यातली भेग परत आली

मंडळी, मागच्या भागात टाइल्सच्या सांध्यांत एपॉक्सी, म्हणजे राळेचा कडक माल, भरला आणि "एपॉक्सी भरून झालं, आता दहा वर्षं बघायला नको" असं छाती फुगवून लिहिलं होतं. ते मुकाट्यानं मागं घेतो. स्वयंपाकाचा ओटा आणि डॅडो, म्हणजे त्याच्या मागच्या भिंतीवरच्या टाइल्स, जिथं भेटतात त्या सांध्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी भेग पडलीय. एकोणीस दिवस टिकलं.

डॅडोच्या टाइल्समधले सांधे मात्र झकास आहेत. परवा तांबड्या रश्श्याची फोडणी थेट भिंतीवर उडाली. मुद्दाम रात्रभर तशीच ठेवली (घरातल्यांचा विरोध पत्करून). सकाळी ओल्या फडक्यानं पुसली, डाग नाही. राखाडी रंग घेतला हे बरं केलं. पांढरा घ्या म्हणणाऱ्यांनी आमच्या घरातली हळद पाहिलेली नाही.

तर कोपरा. भाग ४ मध्ये सिमेंटचं ग्राउट (सांधे भरायचा माल) इथंच तडकलं तेव्हा मी माल कच्चा ठरवून मोकळा झालो होतो. गवंडी तर म्हणाला होता, "पांढरा सिमेंट भरा, पाच मिनिटांचं काम." मी त्याच्याहून शहाणा, म्हणून आणखी कडक माल भरला. आता भिंग लावून बघितलं तर एपॉक्सी स्वतः कुठंच फुटलेलं नाही. टाइलला घट्ट चिकटून आहे आणि ग्रॅनाइटपासून सरळ रेषेत सुटलंय. म्हणजे माल पक्का, जागा चुकीची.

हे कोडं सुटलं आईमुळं. ती ओट्यावर खलबत्त्यात लसूण-खोबरं कुटत होती, मी सांध्यावर बोट ठेवून बसलो होतो. प्रत्येक घावाला दगड थरथरतोय आणि टाइल ढिम्म! आमची ग्रॅनाइटची फळी कडाप्प्याच्या दोन उभ्या पाट्यांवर बसलीय, भिंत आपली वेगळी. वर शेगडीची उष्णता, सिंकचं पाणी, मिक्सरचा धडधडाट. दोन वेगळ्या हलणाऱ्या गोष्टींच्या मधे ग्राउट भरलं, मग ते सिमेंटचं असो की एपॉक्सीचं, एका बाजूनं सुटणारच. तिथं रबरासारखं ताणणारं सीलंटच हवं. सपाट भिंतीवर ग्राउट, जिथं दिशा बदलते तिथं सिलिकॉन. एवढं कळायला मला सात भाग लागले.

घट्ट झालेलं एपॉक्सी काढणं म्हणजे शिक्षा. हॅकसॉची तीन ब्लेडं मोडली. शेवटी हॉट एअर गन फिरवत ठेवून ते मऊ केलं आणि खरवडलं. नऊ फुटांना दोन संध्याकाळी. एका टाइलवर ओरखडा आलाय, तिथं बरणी ठेवतोय.

मग सिलिकॉन. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एका दुकानात "हेच सगळे नेतात" म्हणून जी ट्यूब हातात पडली, ती घरी उघडली तर व्हिनेगरचा भपकारा. म्हणजे ॲसिटिक, पक्कं होताना आम्ल सोडणारं. दगडाला न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं, घ्यावं, हे मला माहीत होतं, लेबल वाचलं नाही ही माझीच चूक. ती ट्यूब आता खिडकीच्या काचांना. दुसरी न्यूट्रल आणली. आणि ट्यूब दाबायच्या गनवर पैसे वाचवू नका. स्वस्त गन हात काढल्यावरही माल ओकत राहते. दांडा मोकळा करणारा खटका असलेलीच घ्या.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मग सिलिकॉन, साबणपाण्यात बुडवलेली आइस्क्रीमची काडी एका दमात ओढली आणि साय धरायच्या आत टेप काढली. काय रेघ आली होती! दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो.

तीन दिवसांनी सिंकच्या बाजूला दोन फूट उचलून आलं.

कारणं दोन. एक, ओल. हे बाहेर धो-धो पाऊस, आत ओटा रोज धुतला जातो. खरवडलेल्या फटीत पाणी मुरलं होतं. सिलिकॉनला पक्कं व्हायला हवेतली ओल लागते, पण ओल्या पृष्ठभागाला ते धरत नाही. दुसरं, फटीच्या तळालाही ते चिकटलं होतं. तीन बाजूंनी धरलं की ताणायला वावच उरत नाही. तळाला फोमची दोरी, बॅकर रॉड, घालतात. उद्यमनगरात ॲल्युमिनियम खिडक्यावाल्याकडं मिळाली, पण सगळ्यात बारीक ६ मिमीची. माझी फट बहुतेक ठिकाणी ३ मिमी. म्हणून तळाला पॅकिंगच्या टेपची बारीक पट्टी दाबून बसवलीय. सिलिकॉन तिला धरत नाही.

हे लिहितालिहिता सुचलं : उद्यमनगरातच कन्व्हेयर बेल्टचे तुकडे भंगारात मिळतील. खलबत्त्याखाली एक टाकला तर थरथरच कमी होईल. उद्या जाऊन येतो. आणि आत्ताच उठून बघितलं, दोन भिंतींच्या उभ्या कोपऱ्यातही एपॉक्सीच भरलंय, वरून वीतभर सुटायला लागलंय. म्हणजे पुढच्या भागात कप्पे बसवणार होतो ते राहिलं. ब्लेडं आणा.

सिंकच्या बाजूवर दोन रात्री टेबल फॅन लावला, मग आज दुपारी नवीन सिलिकॉन ओढलं. दिवसाला दोन-तीन मिमी आतवर पक्कं होतं, म्हणून आईला सांगितलं, उद्या दुपारपर्यंत ओट्यावर पाण्याचा थेंब नको.

"बरं," ती म्हणाली, "मग भाकऱ्या बी भायेरनंच आण."