40 कामगार, 10 हजार रुपये आणि कौतुकाचा एक तास

छोट्या वर्कशॉपमध्ये कौतुकाच्या कार्यक्रमाचं बजेट संपतं ते हॉल, साउंड आणि ट्रॉफ्यांवर. या तिन्हींची गरज नसते. माणशी 250 रुपयांत चांगला कार्यक्रम होतो, फक्त तो कामाच्या वेळेत हवा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावलं की ते कौतुक उरत नाही, हजेरी होते.

शिफ्ट तीनला बदलत असेल तर अडीच ते साडेतीन ही वेळ धरा. दोन्ही शिफ्टचा फक्त अर्धा-अर्धा तास जातो आणि सगळे एकत्र भेटतात. दिवस खंडेनवमीचा ठेवला तर मशीनची पूजा असतेच, पण नवरात्राचे उपवास असतात. आधी नावं विचारून घ्या आणि दहा जणांमागे एक किलो साबुदाण्याची खिचडी वेगळी करा.

बाकीच्यांना मिसळ. 40 जणांना कोरडी मटकी 2 किलो, फरसाण 3 किलो, पाव 11 डझन, कांदा 2 किलो, लिंबं 20, ताक 8 लिटर. मटकी आदल्या सकाळी भिजवून संध्याकाळी फडक्यात बांधायची. थंडीत मोड यायला आणखी अर्धा दिवस लागतो. उसळ आणि कट वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवा, नाहीतर पहिले वीस जण मटकी नेतात आणि उरलेल्यांना नुसता रस्सा. दुसऱ्यांदा मागतात तो कटच, म्हणून तो 12 लिटरच्या खाली नको. वाढायला एकच माणूस, एकच पळी.

खरी तयारी मात्र कागदावरची. आठवडाभर आधी प्रत्येक सुपरवायझरकडून माणशी दोन ओळी लिहून घ्या. ‘मेहनती आहे’ असं लिहून आलं तर परत पाठवा. ‘कॉम्प्रेसरचा आवाज बदललाय हे यानं वेळीच सांगितलं’ असं नेमकं हवं. मालकानं त्या स्वतः वाचाव्यात. माणशी 20 सेकंद धरले तरी 40 जणांचे 14 मिनिटांत होतात. ‘सर्वोत्तम कामगार’ एकच निवडू नका, बाकीचे 39 जण खट्टू होतात. यादीत कंत्राटी पोरं, वॉचमन आणि झाडूवाल्या मावशीही हव्यात. त्यांना वगळलं तर कार्यक्रम न केलेला बरा. प्रमाणपत्रावरचं नाव पीएफच्या नोंदीवरून उतरवू नका. ज्याचं त्यालाच विचारा, इंग्रजीतून उलटं लिहिताना ‘साठे’चं ‘साथे’ होतं.

रात्रपाळी असेल तर तिच्यासाठी दुपारचं उरलेलं झाकून ठेवू नका. सकाळी सातला, पाळी सुटण्याआधी, ताजे पोहे आणि चहा द्या, आणि त्यांच्या ओळीही मालकानंच येऊन वाचाव्यात.