वहीतून गेलेले पक्षी

मुलाने वडिलांना आणलं होतं ते टीव्हीच्या आवाजावरून. नेहमीचीच तक्रार. नातीने हाक मारली तर ओ देत नाहीत, जरा चढ्या आवाजात बोललं की "ओरडतोस कशाला" म्हणतात, आणि वर घरातले सगळे हल्ली पुटपुटतात असं यांचंच म्हणणं. कान तपासायच्या आमच्या धंद्यात या गोष्टी इतक्या ऐकायला मिळतात की मुलाचं बोलणं संपायच्या आत मी केसपेपर भरायला घेतला होता.

म्हाताऱ्यांनी मात्र पिशवीतून एक जाडजूड वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. "माझे कान चांगले आहेत. पक्षी कमी झालेत. हे बघा."

उमेदीच्या वयापासून ते रोज पहाटे एकाच झाडीत फेरी मारत आले होते. अंधार असायचा, त्यामुळे दिसण्यापेक्षा ऐकण्यावरच भर. कोणता पक्षी, कुठल्या बाजूने, किती वेळ बोलला, हे घरी येऊन लिहायचं. आधीच्या वर्षांची पानं गच्च भरलेली, अलीकडची विरळ. झाडं तुटली, फवारण्या वाढल्या, ऊन वाढलं, अशी कारणं त्यांनी समासात लिहून ठेवली होती. कारणं खोटी नाहीत. पक्षी खरोखरच कमी होतात आणि याच गोष्टींनी होतात. म्हणून मी वाद घातला नाही. आधी तपासणी करू म्हटलं.

बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत एकेक सूर सोडायचा (हर्ट्झ जितके जास्त, तितका सूर उंच), ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. खालचे सूर त्यांनी झटपट पकडले. १००० ला ३० डेसिबल एवढ्या हळू आवाजातही ऐकू आलं, म्हणजे या वयाला उत्तमच. पुढे आवाज मोठा करावा लागला: २००० ला ४५, ४००० ला ६५. ८००० ला मी ८० डेसिबलचा सूर सोडला आणि काचेपलीकडे ते शांतपणे माझ्याकडे बघत राहिले. वयामुळे होणाऱ्या बहिरेपणाचा आलेख असाच उजवीकडे घसरत जातो. बोलण्यातला 'स' बहुतेक ४००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणून तो आधी जातो. अ, आ, ओ असे स्वर शाबूत राहतात. म्हणूनच माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही.

मग मी वही मागितली. खरं तर पुढचा माणूस बाहेर ताटकळत होता, पण मला राहवेना. वहीतून सगळ्यांत आधी गेले होते बारीक, उंच आवाजाचे शिंजीर आणि फुलटोच्या, त्यानंतर शिंपी. त्यांच्याहून खालच्या पट्टीतले होला, कोकीळ आणि घुबड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जसेच्या तसे. झाडी तोडणारा माणूस आवाजाची पट्टी बघून पक्षी हाकलत नाही. मी ऑडिओग्राम, म्हणजे तपासणीचा तो आलेख, वहीशेजारी ठेवला. दोन्हींत तोच उतार होता.

"शिंजीर दिसतो का हो कधी?" मी विचारलं.

"दिसतो की. फांदीवर बसतो. चोच उघडतो, मिटतो." एवढं बोलून ते थांबले. बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले. मुलगा काहीतरी बोलायला गेला, त्याला मी हातानेच थांबवलं.

मग प्रश्न सुरू झाले, आणि प्रश्न चोख होते. मी सांगितलं की आतल्या शंखासारख्या वेटोळ्यात प्रत्येक कानाला आवाज टिपणाऱ्या सुमारे १५,००० केशपेशी असतात, दाराशी असलेल्या उंच सुरांच्या, आतल्या टोकाच्या खालच्या सुरांच्या. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांमध्ये मात्र येतात. १९८० च्या दशकात संशोधकांना हे दिसलं तेव्हा तेही चकित झाले होते. यावर ते मोठ्याने हसले. "म्हणजे त्यांना माझं ऐकू येत राहणार."

मशीन बसवलं. त्यात एक सोय असते: जो उंच सूर कानाच्या आवाक्याबाहेर गेलाय, तो खाली ओढून जिथे ऐकू शिल्लक आहे तिथे आणायचा. मला ही सोय फार आवडते. शिंजीर परत आणून द्यायचा, या हौसेने मी ती चालू करून दिली आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातील असं बजावलं.

ठरलेल्या दिवशी ते एकटेच आले. नातीचं बोलणं आता कळतं म्हणाले, टीव्हीचं भांडण मिटलंय. "पण पहाटेची ती सोय बंद करा. झाडावरून काहीतरी ऐकू येतं, पण तो शिंजीर नाही. नुसतंच पक्ष्याचं सोंग."

आणखी थोडे दिवस द्या, मेंदू शिकतो, असं मी समजावून पाहिलं. ते खरंही आहे, पुष्कळांचा शिकतो. पण ते ठाम होते. "त्याचा आवाज मी चाळीस वर्षं ऐकलाय. तो आता मला येत नाही, तर नाही. दिसतोय ना? मी 'दिसला' असं लिहितो." वहीत खरंच एक नवा रकाना आखलेला होता. माझं मत अजूनही वेगळं आहे, पण कान त्यांचे. मी घरासाठी एक प्रोग्राम ठेवला आणि बाहेरसाठी दुसरा, सूर न हलवणारा, जो आवाज येईल तो त्याच्याच पट्टीत.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी. लिहून घेताना त्यांनी विचारलं, "हा उतार असाच पुढे सरकणार ना? आता कुणाचा नंबर?"

मी आलेखावर ३००० हर्ट्झच्या आसपास पेन्सिल टेकवली.

त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी लावून पाहिलं. "दयाळ," ते म्हणाले. "तो अजून छान येतो. मग यंदा त्याच्याच झाडाखाली जास्त थांबतो." आणि बॅटरी किती दिवस पुरते ते विचारायला लागले.