एकशे आठ मग पाणी

निवृत्त झालो त्या आठवड्यात बायकोनं तुळशीची माळ हातात ठेवली आणि म्हणाली, "आता तरी." या दोन शब्दांत 35 वर्षांची तक्रार होती, म्हणून मी निमूट घेतली.

तेव्हापासून रोज पहाटे नागपूरच्या अंबाझरी तलावाला फेरी, मग आंघोळ, मग जप. पहिले दहा-बारा मणी बरे जातात. विसाव्याच्या आसपास लाइटबिल आठवतं. चाळिसाव्याला हयातीचा दाखला. मेरुमण्यापाशी पोचेपर्यंत मी जुन्या साहेबाशी मनातल्या मनात भांडून, जिंकून परतही आलेला असतो. मंगळवारी टेकडीच्या गणपतीला जातो, तिथं डोळे मिटले की बाहेर काढलेल्या चपला दिसतात. एकूण प्रगती अशी.

मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली. नात आठ वर्षांची, नातू साडेचारचा. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं जो येईल तो म्हणतो. मला डॉक्टरांनी साय बंद केलेली असल्यामुळे ही उपमा जरा टोचते.

मुंबईच्या पोरांना कूलर ठाऊक नसतो. त्यात त्यांचा दोष नाही. तिथल्या हवेतच एवढं पाणी की कूलर लावला तर दमट वारा अंगावर येईल, बस. आमच्याकडे 45 अंशांची कोरडी झळ. ती ओल्या वाळ्यातून आत ओढली की पाणी सुकतं आणि सुकताना हवेतली उष्णता घेऊन जातं. हे मी नातीला हातवारे करून समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आबा, मग काल भरलेलं पाणी गेलं कुठे?"

"तुम्ही रात्रभर झोपलात ना गार? त्यात गेलं."

तिला हे पटलेलं दिसलं नाही. पण त्या दिवसापासून कूलर भरणं तिनं स्वतःच्या ताब्यात घेतलं. नातवाला स्विचचं खातं मिळालं. आमचा कूलर जुना, लोखंडी पत्र्याचा. चालू असताना टाकीला ओला हात लावायचा नाही, हा घरातला पहिला नियम. त्यामुळे आधी स्विच बंद, मग प्लग काढायचा, मग पाणी. प्लग मी काढतो. नातू खुर्चीवर चढून स्विच बंद करतो आणि मी दोन्ही हात वर करून "बंद!" म्हणेपर्यंत कुणालाही हलू देत नाही. खिशात आजीनं दिलेला कांदा, ऊन लागू नये म्हणून. घरातसुद्धा.

पंचवीस तारखेला नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस इथं बाहेर पाय टाकायची सोय नसते. नावातच तप आहे, तेव्हा नागपूरकराला वेगळं हिमालयात जायची गरज पडू नये. त्या संध्याकाळी नळाला धार नव्हती. पाइपातून करंगळीएवढं पाणी. मी वैतागणार तोच नात स्वयंपाकघरातून प्लास्टिकचा मग घेऊन आली. पिंपातून मग भरायचा, अंगणातून खिडकीपर्यंत न्यायचा, टाकीत ओतायचा. नातू मोजणार.

अर्धा लिटरचा मग आणि पन्नास-पंचावन्न लिटरची टाकी. हिशेब मी मनात केला आणि हसू आलं. बरोबर 108.

ते 108 काही पूर्ण झाले नाहीत. नातवाला एकोणतीसच्या पुढे तीस सापडत नाही, तो पुन्हा वीसवर येतो. नातीचा अर्धा मग वाटेत तुळशीला, थोडा मांजरीला, थोडा भावाच्या डोक्यावर. मी खिडकीपाशी टाकीत हात घालून उभा. पाणी मनगटाशी आलं, मग थोडं वर. भिजलेल्या वाळ्याचा वास येत होता. शेजारचे कुंपणावरून म्हणाले, "काय भाऊ, समुद्रमंथन करून राहिले का?" मी नुसती मान हलवली. बोलावंसं वाटलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. दिवे लागले तेव्हा लक्षात आलं की या सगळ्यात मला एकदाही लाइटबिल आठवलं नव्हतं.

कूलर सुरू झाला. नातू पंख्याच्या जाळीशी तोंड नेऊन बसला आणि ओरडला, "आऽऽऽ!" पंख्याच्या पात्यांनी आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून परत पाठवले. तो खिदळला. मग ईऽऽ, ऊऽऽ. मग आजीच्या पूजेत ऐकलेला ओम. ओ-ओ-ओ-ओ-म्-म्-म्-म्. पत्रा थरथरत होता, त्याचे गाल थरथरत होते. मी माळ घेऊन बाजूलाच बसलो होतो, पण ती ओढलीच गेली नाही.

हाच कूलर (पंप चारदा बदलला, जाळ्या दर उन्हाळ्यात) माझ्या मुलाच्या दहावीच्या वर्षी घेतला. पुढच्या सुट्टीत तो याच्यासमोर अभ्यासाला बसायचा आणि मी पेपर तोंडासमोर धरून त्याच्यावर लक्ष ठेवायचो. आवाज केला की म्हणायचो, "वाच." लहानपणी, आधीच्या कूलरसमोर, तोही असंच काहीतरी ओरडायचा. काय ओरडायचा? आठवून पाहिलं. त्याचे दहावीचे गुण विषयवार तोंडपाठ आहेत, गणितात कुठले दोन गेले तेही. ते ओरडणं मात्र काही केल्या आठवत नाही. नातवाच्या बाबतीत मला काहीच सिद्ध करायचं नाही. त्याला तीस सापडो न सापडो. फळाची आशा सोडायला सांगतात, ते बापाला जमलं नाही. आजोबाला सोडावी लागलीच नाही, ती नव्हतीच.

बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे जप बंद?" तिच्याशी अध्यात्मावर बोलू नये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा त्यांना न्यायला आला. चाळिशीला टेकला आहे, केस माझ्याआधी गेले. रात्री जेवणं झाली, पोरं झोपली. मी आतल्या खोलीत पलंगावर माळ घेऊन पडलो होतो. तो पाणी प्यायला उठला असावा. दाराच्या फटीतून दिसलं, हॉलमध्ये कूलरसमोर उकिडवा बसला होता. इकडेतिकडे पाहिलं. पोरांच्या अंगावरची चादर सारखी केली. मग जाळीशी तोंड नेलं आणि अगदी हळू, पोरं जागी होऊ नयेत इतपत, म्हणाला, "बा-बा-बा-बा-बा-बा."

मी मणी तिथेच धरून ठेवला.